कपबश्यांच्या दाव्यातला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ महॉगनीची आहे, तळाला रबर आहे आणि त्या रबरावर उलट्या अक्षरांत दोनच शब्द आहेत : ‘विदाउट प्रेज्युडिस’. मित्रांनो, हे शब्द वाचून घाबरून जाऊ नका. आमच्या बार्बाडोस बेटावर सगळे इंग्रजीच बोलतात, तरी माझे शब्द वाचताना भल्याभल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मासे विकणारीची इंग्रजी निराळी आणि वकिलाची इंग्रजी निराळी. माझ्या शब्दांचा अर्थ सोप्या भाषेत एवढाच, की या कागदात जे लिहिलं आहे ते आपल्याआपल्यात राहील. तडजोड जमली तर उत्तम, नाही जमली तर यातलं एक अक्षरही न्यायाधीशासमोर काढायचं नाही.

माझा जन्म ब्रिजटाउनच्या एका बोळातला. एका म्हाताऱ्या कारागिराने चिमट्याने एकेक अक्षर उचलून जुळवलं, त्यांचा साचा घेतला आणि साच्यावर रबर ठेवून तापल्या यंत्रात दाबलं. तो चटका आठवला की आजही नको वाटतं. त्यानंतर त्याने मला शाईत बुडवून एका कोऱ्या कागदावर उठवलं, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, “छान! आता हा कोणालाही बोलतं करेल.” तेव्हा ते मला कौतुकच वाटलं होतं.

मला विकत घेतलं ऑब्रे ॲलेन नावाच्या नव्या वकिलाने. उत्तरेकडच्या स्पाइट्सटाउन गावात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. खालून नारळाच्या पावाचा वास यायचा आणि वर माणसं आपली दुखणी घेऊन यायची. टाइपरायटरवर मिसेस ब्रूम्स बसायच्या. बोलायला फटकळ, पण हाताने मऊ. दर शुक्रवारी त्या स्पिरिटच्या बोळ्याने माझी अक्षरं पुसायच्या. अक्षरांच्या पोटात शाई साचू देऊ नये, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

मला माझ्या कामाचा फार अभिमान होता. माणूस जिना चढून यायचा तो साध्या भाषेत रडत, आणि त्याची कहाणी जिना उतरायची ती वकिली कपडे घालून. बसने करकचून ब्रेक मारला आणि कोणाचा दात पडला, की त्याची होई ‘पर्सनल इंज्युरी’. शेजाऱ्याच्या बकरीने रताळी खाल्ली, की त्या रताळ्यांचे होत ‘डॅमेजेस’. रडणारा माणूस ‘क्लेमंट’ म्हणजे वादी होऊन बसे, बकरीच्या मालकाची बेफिकिरी ‘निग्लिजन्स’ होई, आणि चूक कोणाची या साध्या प्रश्नाला ‘लायबिलिटी’ असं भारदस्त नाव मिळे. मला हे शब्द ऐकायला आवडायचे. दुखण्याला मोठं नाव मिळालं की दुखणाराही जरा ताठ बसतो, हे मी पाहिलं आहे.

त्यातला एक शब्द मात्र केव्हाच जिना उतरून गावात गेला होता. उचलून नेता येणाऱ्या वस्तूला वकील ‘चॅटल’ म्हणतात. आमच्याकडे गरिबांची लाकडी घरं दगडांच्या ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली असतात. जागा भाड्याची, घर आपलं. जागा सुटली की घर उचलायचं, लॉरीवर चढवायचं आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचं. म्हणून अशा घराला सगळे ‘चॅटल घर’च म्हणतात. मी सांगणार आहे ती गोष्ट अशाच एका घराची आहे.

एके दिवशी मिस यूडीन गिटन्स ऑफिसात आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि निम्मं गाव त्यांच्या हातचं जेवून मोठं झालं होतं. डोक्यावर चर्चला घालायची टोपी, हातात काळी पर्स. ॲलेनसाहेबांनी खुर्ची पुढे केली, तरी त्या उभ्याच राहिल्या.

“माझं घर पडलं,” त्या म्हणाल्या. “आणि पाडणारा रोज माझ्यासमोरून मान खाली घालून जातो. मला त्याच्यावर केस करायचीय.”

हकिगत अशी होती. त्यांच्या जागेच्या मालकाला जागा परत हवी होती. चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या मागे त्यांनी स्वतःची टीचभर जागा घेतली, आणि घर तिकडे न्यायचं काम शेजारच्या लिसल होल्डरला दिलं. लिसलची स्वतःची लॉरी होती. घर लॉरीवर चढलं, चांगलं निघालं, आणि चॅपलच्या वळणावर घसरून उसाच्या शेतात जाऊन पडलं. भिंती फुटल्या, छप्पर दुमडलं. मिस गिटन्स तेव्हापासून बहिणीच्या मागच्या खोलीत राहत होत्या.

“माझ्या हातच्या, केळीच्या पानात उकडलेल्या गोड कॉन्की खाऊन वाढलेला पोरगा तो,” त्या म्हणाल्या. “नोव्हेंबर आला की केळीचं पान सोडायचाही दम नसायचा त्याला. आणि एका शब्दाने म्हणाला नाही, की आंटी, माझं चुकलं.”

“म्हणणार नाही तो,” ॲलेनसाहेब म्हणाले. “त्याच्या लॉरीच्या विमा कंपनीने पहिल्याच दिवशी बजावलं असणार. ‘सॉरी’ म्हणाला की ती कबुली धरली जाते. मीसुद्धा माझ्या लोकांना हेच सांगतो.”

“म्हणजे तोंडाला कुलूप लावायची फी घेता तुम्ही?”

मिसेस ब्रूम्स टाइपरायटरच्या मागे खुदकन हसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, तशा त्या कागद बदलू लागल्या.

दावा दाखल झाला. ब्रिजटाउनहून विमा कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं, आणि ते वाचून साहेबांनी चष्माच काढून ठेवला. घर हलवताना मिस गिटन्सनी काचेचं कपाट कपबश्यांसकट आतच ठेवलं होतं. त्या वजनाने घर घसरलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. याला म्हणतात ‘काँट्रिब्युटरी निग्लिजन्स’, म्हणजे नुकसान होण्यात वादीचाही हात.

“माझ्या कपबश्यांनी घर पाडलं?” मिस गिटन्स आता खरंच खुर्चीत बसल्या. “अख्खं घर?”

“ते तसं म्हणतायत.”

“लिसलही तसंच म्हणतो?”

“लिसल काहीच म्हणत नाही. त्याच्या वतीने म्हटलं जातंय.”

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. रमच्या दुकानासमोर बसणारी माणसं टवाळ. बाई जाताना दिसल्या की कोणीतरी हळूच म्हणे, “जपून चाला मिस गिटन्स, पर्समध्ये बशी तर नाही ना?” मासळीबाजारात बायका म्हणाल्या, हावरटपणा नडला, कपाट आधी उतरवायला काय झालं होतं? ज्या बाईने कधी कोणाच्या पानात कमी वाढलं नाही, तिला लोक हावरट म्हणू लागले. त्यांनी चॅपलच्या गायनात उभं राहणं सोडलं. साहेबांना त्यांनी स्वच्छ सांगितलं, “भरपाई मिळाली तर घेईन, नाही म्हणणार नाही. पण मला गावासमोर खरं काय ते ऐकायचंय. लिसलच्या तोंडून.”

साहेबांनी तडजोडीची बैठक बोलावली. अशा बैठकीत त्यांची एक सवय होती. ते मला ट्रेमधून काढून टेबलाच्या मधोमध उभं करत आणि म्हणत, “आता इथलं बोलणं इथेच.” मग माणसं मोकळी बोलत. माझ्यामुळे किती भाऊ कोर्टात न जाता घरी गेले, किती कुंपणं शांतपणे सरकली, याची मला चांगली आठवण आहे. त्या दिवशीही मी ऐटीत उभा होतो.

लिसल आला. धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या काठावर बसला. ब्रिजटाउनचे वकील आकडे बोलू लागले. लिसलचं लक्ष आकड्यांत नव्हतं, माझ्याकडे होतं.

“हा मध्ये असला की मी काहीही बोललो तरी चालतं ना?” त्याने विचारलं.

“तसं म्हटलं तर हो,” वकील म्हणाले, “पण गरज काय—”

“आंटी,” लिसल म्हणाला, “साखळी एकच होती. दुसरी मी भावाला दिली होती, बोट ओढायला. म्हटलं एवढ्याशा रस्त्याला एकीने भागेल. तुमच्या कपबश्यांचा काही संबंध नाही. माझं चुकलं, आंटी. रोज तुम्हाला बघितलं की गाडी थांबवावीशी वाटते आणि पाय ब्रेकवर जात नाही.”

खालून पावाचा वास येत होता. मिस गिटन्सचा चेहरा सैल पडला, आणि मला वाटलं, झालं, आणखी एक भांडण मी मिटवलं.

“हे रविवारी चॅपलसमोर उभं राहून सांगशील?” त्यांनी विचारलं.

“नाही सांगणार,” वकील म्हणाले.

“मी तुम्हाला विचारलं नाही. लिसल?”

लिसल बुटांकडे बघत राहिला. “कंपनी काखा वर करेल, आंटी. मग भरपाई माझ्या डोक्यावर. लॉरी गेली तर पोरांना काय घालू?”

“म्हणजे माझ्या कानात माफी आणि गावाच्या कानात कपबश्या,” मिस गिटन्स म्हणाल्या. त्या उठल्या, त्यांनी मला मुठीत धरून उचललं, पर्समध्ये टाकलं आणि पर्स खटकन बंद केली.

“मिस गिटन्स, तो ऑफिसचा शिक्का आहे!”

“माहितेय मला. हा मध्ये उभा असेपर्यंत इथे खरंसुद्धा चोरून बोलावं लागतं. राहू दे माझ्याकडे.”

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जिना उतरलो. पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, रुमाल होता आणि भजनांचं पुस्तक होतं. बहिणीच्या घरी त्यांनी मला फळीवर ठेवलं. शेजारी एकच कप होता, त्या अपघातातून वाचलेला, आणि त्यालाही कान नव्हता. “नाव केवढं मोठं,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आणि काम काय, तर झाकायचं.” मला राग आला. मी झाकत नाही, मी माणसांना बोलायला आडोसा देतो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण शिक्क्याला आवाज नसतो, आणि त्या फळीवर शाईही नव्हती. ऑफिसात मिसेस ब्रूम्सना माझे शब्द हाताने टाइप करावे लागत होते आणि त्या साहेबांवर करवादत होत्या, हे मला नंतर कळलं.

तारीख पडली. आमचं कोर्ट पोलीस ठाण्याला लागूनच आहे. पंखे गरगरत होते आणि बाकांवर गाव खेटून बसलं होतं. रमच्या दुकानासमोरची मंडळी तर पहिल्या रांगेत. मॅजिस्ट्रेट बाई कडक होत्या, त्यांच्यासमोर खोकायलाही लोक बिचकत. मिस गिटन्स पर्स घेऊनच साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या, आणि ब्रिजटाउनचे वकील उठले.

“कपाटात किती कपबश्या होत्या?”

“पाहुण्यांना पुरतील एवढ्या. तुम्हाला बोलावलं नव्हतं.”

बाकांवर खसखस पिकली. मॅजिस्ट्रेट बाईंनी नुसतं वर पाहिलं, तशी ती थांबली.

“त्या वजनानेच घर घसरलं, असं माझं म्हणणं आहे.”

मिस गिटन्सनी पर्स उघडली, मला बाहेर काढलं आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर दणकन ठेवलं. “खोटं आहे! लिसलने याच्यासमोर मला सांगितलं, साखळी एकच लावली होती म्हणून. माफीसुद्धा मागितली त्याने!”

दोन्ही वकील एकदम उभे राहिले. आमचे साहेबसुद्धा! वादीचा स्वतःचा वकील वादीला थांबवायला उठलेला त्या कोर्टाने त्याआधी पाहिला नसेल. मॅजिस्ट्रेट बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मिस गिटन्स, तडजोडीच्या बैठकीतलं बोलणं इथे सांगता येत नाही. तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलेलं नाही.”

“अहो, पण मी केवढ्यांदा बोलले! तुमचे कान—”

“माझे कान कायद्याचे आहेत. ऐकलेलं नाही.”

मिस गिटन्सचे खांदे उतरले. इतक्या महिन्यांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, टोमणे मारताना पाहिलं होतं, पण खचलेलं पाहिलं नव्हतं. सगळ्या गावासमोर खरं बोलूनही ते न बोलल्यासारखं झालं होतं, आणि ते माझ्या दोन शब्दांमुळे. मला खूप वाईट वाटलं, मित्रांनो. कठड्यावरून खाली पडावं आणि फुटून जावं असं वाटलं. पण रबर फुटतही नाही.

तेवढ्यात वकिलांच्या पाठीमागच्या बाकावरून आवाज आला. “तिचं ऐकलं नसेल, तर माझं ऐका.”

लिसल उभा होता. त्याचा वकील त्याचा कोट धरून खाली ओढत होता.

“बसा, मिस्टर होल्डर,” मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या. “तुमची पाळी आली की बोला.”

“माझी पाळी येऊच देणार नाहीत हे. मला साक्षीला बोलवायचंच नाही म्हणून ठरलंय.”

यावर आमचे ॲलेनसाहेब ताडकन म्हणाले, “मग मी बोलावतो. वादीच्या वतीने मिस्टर होल्डरना साक्षीला बोलावण्याची परवानगी असावी.”

मॅजिस्ट्रेट बाई लिसलकडे वळल्या. “तुमच्या वकिलाचा सल्ला नीट ऐकून घ्या. शपथेवर बोललात की ते मागे घेता येत नाही. आणि त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल.”

“मागे घ्यायचंच नाहीये, बाईसाहेब.”

मिस गिटन्स पिंजऱ्यातून उतरल्या, लिसल चढला. मी कठड्यावरच राहिलो होतो. शपथ घ्यायला त्याला बायबल दिलं, तेव्हा त्याने मला हळूच उचललं आणि कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग दोन्ही हात कठड्यावर टेकून त्याने सांगितलं. दुसरी साखळी कुठे होती, वळणावर वेग किती होता, मागच्या बाजूने घर हलताना आरशात दिसलं होतं तेही. कपाट आत ठेवायला आपणच हो म्हटलं होतं, काही होत नाही म्हणालो होतो, हेही सांगितलं. शेवटी तो मॅजिस्ट्रेट बाईंकडे पाठ करून बाकांकडे वळला. असं वळायचं नसतं, पण त्याला कोणी अडवलं नाही.

“आंटी, माझं चुकलं.”

मिस गिटन्सनी रुमालाने तोंड पुसलं. “ऐकलं,” त्या म्हणाल्या. “आता पुढे बघून उभा राहा. कोर्टात आहेस.”

निकाल लागला. चूक सगळी लिसलची, कपबश्यांची अजिबात नाही. आणि लिसलला वाटत होती तीच भीती खरी झाली. माल नीट न बांधल्याची जोखीम आमच्या विम्यात येत नाही, असं लिहून कंपनीने काखा वर केल्या. साहेबांनी मिस गिटन्सना सांगितलं, की हुकूमनाम्यावर त्याची लॉरी जप्त करता येईल.

“आणि लाकडं काय माझ्या टोपीवर घालून आणू?” त्या म्हणाल्या. “राहू दे लॉरी. घर त्यालाच बांधायला लावते.”

त्याने ते बांधलं. शनिवार-रविवारची त्याची कामं गेली, घर हलवायला त्याला पुढे बराच काळ कोणी बोलावलं नाही, आणि घरी बायकोची बोलणी खावी लागली ती वेगळीच. नवं घर जुन्यापेक्षा लहान झालं, मागची पडवी झालीच नाही. फळ्यांची खेप आली की मिस गिटन्स दगडावर बसून विचारायच्या, “साखळ्या किती लावल्यास रे?”

“तीन, आंटी.”

“मग हळू का आलास? उडून यायचंस!”

रमच्या दुकानासमोरची माणसं फळ्या उतरवायला यायची. मिस गिटन्स त्यांना मॉबीच्या सालीचं कडू सरबत द्यायच्या, मुद्दाम त्या कान तुटलेल्या कपातून. रविवारी त्या पुन्हा चॅपलच्या गायनात पहिल्या रांगेत उभ्या राहू लागल्या, असं मिसेस ब्रूम्स सांगत होत्या.

पत्र्याचं छप्पर चढलं त्या आठवड्यात मिस गिटन्स जिना चढून आल्या. कोर्टातल्या कारकुनाकडून त्यांनी मला परत घेतलं होतं. माझी अक्षरं त्यांनी घासूनपुसून इतकी लख्ख केली होती, की मिसेस ब्रूम्सनाही नाव ठेवायला जागा उरली नाही.

“घ्या तुमचा शिक्का,” त्या साहेबांना म्हणाल्या. “कामाचा आहे तो. कागदावर खुशाल मारा. माणसाच्या तोंडावर मारू नका.”

साहेबांनी मला ट्रेमध्ये ठेवलं आणि ते मिस गिटन्सना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं काम केलं. पण ‘सॉरी म्हणू नका’ असं कोणाला बजावण्याआधी साहेब जरा घुटमळायचे. कायदा काय सांगतो ते सांगायचे, आणि मग म्हणायचे, “आता पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.”

आता साहेब थकले आहेत, मिसेस ब्रूम्स घरी बसून नातवंडांना ओरडतात. ऑफिसात संगणक आला आहे. माझे दोन शब्द त्याच्यातून आपोआप छापून येतात, दर पत्रावर, हवे असोत वा नसोत. माझं रबर कडक झालं आहे, एका कडेला चीरही गेली आहे. ट्रेमध्ये धूळ खात मी खालच्या पावाचा वास घेत बसतो. कोणी उचललं तर बरं वाटेल, नाही उचललं तरी माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, ऑफिसात असा एखादा जुना शिक्का असेल, तर त्याला फेकू नका. त्याची अक्षरं अधूनमधून पुसा, शाई वाळू देऊ नका. आकड्यांची घासाघीस करायची असेल, कुंपण इकडचं तिकडे सरकवायचं असेल, तर आम्हाला खुशाल मध्ये उभं करा. आमच्या आडोशाला माणसं शहाण्यासारखं बोलतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण कोणाला ‘माझं चुकलं’ असं म्हणायचं असेल, तर कृपा करून आम्हाला ट्रेमध्येच राहू द्या आणि जिना उतरून त्या माणसाकडे जा. तेवढं एक वाक्य बिनशिक्क्याचंच जाऊ द्या.